बसवनगुडीचे डीव्हीजी : अभावातही कडवटपणाला थारा न देणारे आयुष्य

बेंगळुरू : कार्तिक महिन्याच्या अखेरच्या सोमवारी बसवनगुडीतील नंदीच्या देवळाभोवती भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. आसपासच्या जिल्ह्यांतील शेतकरी ताज्या शेंगांचे ढीग रस्त्याच्या दुतर्फा मांडतात आणि एरवी शांत असणारा हा परिसर माणसांनी फुलून जातो. याच देवळाला लागून असलेल्या ब्यूगल रॉक उद्यानात, प्राचीन खडकांच्या सान्निध्यात, डी. व्ही. गुंडप्पा यांचा पुतळा आहे. जवळच्या गांधी बाजारातील एका रस्त्यालाही त्यांचे नाव आहे. कन्नड माणूस त्यांना ‘डीव्हीजी’ एवढ्या तीन अक्षरांनीच ओळखतो.

मराठी घरांत ‘मनाचे श्लोक’ जसे पिढ्यान्‌पिढ्या पाठ होत आले, त्याच तोलाचे स्थान कन्नड घरांत डीव्हीजींच्या ‘मंकुतिम्मन कग्ग’ या ग्रंथाला आहे. घरात दुःख आले, नोकरीत अपमान वाट्याला आला, मुलाने अपेक्षाभंग केला की वडीलधारी माणसे त्यातला एखादा चौपदी श्लोक म्हणून दाखवतात. १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात ९४५ श्लोक आहेत. संकटात मन स्थिर कसे ठेवावे, हा त्याचा मुख्य विषय. मात्र हे स्थैर्य सुखवस्तू खोलीत बसून सुचलेले नव्हते. त्यामागे परीक्षेतील अपयश, बंद पडलेली वर्तमानपत्रे, अर्ध्यावर मोडलेला संसार आणि आयुष्यभर पुरून उरलेली पैशाची चणचण होती.

देवनहळ्ळी वेंकटरमणय्या गुंडप्पा यांचा जन्म १७ मार्च १८८७ रोजी तत्कालीन म्हैसूर संस्थानातील मुळबागल येथे झाला. कोलार जिल्ह्यातील हे गाव देवळांसाठी प्रसिद्ध आहे. घरची परिस्थिती बेताची होती. मुलगा हुशार होता, वाचनाची गोडी होती, संस्कृतचा संस्कार होता. पण मॅट्रिकच्या परीक्षेत तो नापास झाला. त्या काळी मॅट्रिक म्हणजे सरकारी नोकरीचा दरवाजा. तो एकदा बंद झाला की सामान्य घरातील तरुणासाठी कारकुनीची वाटही उरत नसे. पुढे ज्यांना म्हैसूर विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली, ज्यांच्या ग्रंथांवर प्राध्यापकांनी भाष्ये लिहिली, त्या डीव्हीजींचे औपचारिक शिक्षण इथेच संपले.

त्यानंतरची काही वर्षे मिळेल ते काम करण्यात गेली. गावच्या शाळेत काही काळ बदली शिक्षक, कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या परिसरात सोडावॉटरच्या कारखान्यात नोकरी, मग बेंगळुरूत जटक्यांना रंग देणाऱ्या एका कारखान्यात काम. जटका म्हणजे आपल्याकडच्या टांग्यासारखी एका घोड्याची गाडी. पुढे ‘कग्ग’मध्ये डीव्हीजींनी जटक्याची जी उपमा वापरली, ती आज कर्नाटकात लहान मुलांनाही ठाऊक आहे. रंगाच्या वासात घालवलेले ते दिवस त्या ओळी लिहिताना त्यांच्या डोळ्यांपुढे असतील का, हे सांगता येत नाही. पण जटक्याचे चाक, घोडा आणि सारथी त्यांनी पुस्तकात पाहिलेले नव्हते, एवढे निश्चित.

बेंगळुरूत त्यांना वर्तमानपत्राचे काम मिळाले आणि तेच आयुष्याचे काम ठरले. पदवी नसलेल्या या तरुणाने कन्नड, संस्कृत, इंग्रजी आणि तेलुगू या भाषांत स्वतःला घडवले. पाश्चात्त्य राज्यशास्त्र आणि वेदान्त हे दोन्ही विषय त्यांनी स्वतःच्या बळावर आत्मसात केले. लहान कन्नड पत्रांत उमेदवारी केल्यावर त्यांनी स्वतःही पत्रे काढली. मात्र तो काळ संस्थानातील पत्रकारांसाठी प्रतिकूल होता. १९०८ मध्ये म्हैसूर दरबाराने वृत्तपत्रांवर कडक निर्बंध घालणारा कायदा केला. सरकारच्या परवानगीखेरीज पत्र चालवणे अशक्य झाले आणि अनेक पत्रांनी गाशा गुंडाळला. पत्रकारितेत नुकतेच पाऊल टाकलेल्या, पदरी कुटुंब असलेल्या विशीतील तरुणासाठी हा पायाखालची जमीन सरकण्याचाच प्रकार होता.

१९१३ मध्ये डीव्हीजींनी ‘कर्नाटक’ हे इंग्रजी अर्धसाप्ताहिक सुरू केले. सर एम. विश्वेश्वरय्या तेव्हा म्हैसूरचे दिवाण होते. दिवाणांशी डीव्हीजींचा स्नेह होता आणि तो अखेरपर्यंत टिकला. पण स्नेहासाठी संपादकाने लेखणी म्यान केली नाही. संस्थानातील प्रजेला राज्यकारभारात वाटा हवा, ब्रिटिश हिंदुस्थानात सुधारणांची चर्चा होत असताना संस्थानी प्रजेला विसरता कामा नये, ही भूमिका त्यांनी सातत्याने मांडली. हे पत्र १९२१ पर्यंत चालले. पत्राला प्रतिष्ठा होती, पैसा मात्र नव्हता. वर्गणीदार थकबाकी ठेवत, जाहिराती तुटपुंज्या होत्या. अखेर ते बंद करावे लागले. आठ वर्षे उभे केलेले काम मिटवताना त्यांचे वय होते अवघे चौतीस.

डीव्हीजींच्या संयमाची चर्चा नेहमी त्यांच्या ग्रंथांपासून सुरू होते. तिची खरी किंमत मात्र त्यांच्या घरात मोजली गेली. त्यांच्या पत्नी भागीरथम्मा यांच्याविषयीची एक हकीकत कर्नाटकात आवर्जून सांगितली जाते. नात्यातील एका कार्याला त्या गेल्या नाहीत. पतीने कारण विचारले तेव्हा कळले की, नेसून जाण्यासारखे एकच लुगडे घरात होते आणि तेही विरलेले. आपल्याला पाहून लोक पतीला बोल लावतील, गुंडप्पांसारख्या नामवंत माणसाची पत्नी अशी का, असे विचारतील, म्हणून त्यांनी घरी राहणे पसंत केले. स्वतःच्या लाजेपेक्षा पतीच्या लौकिकाची चिंता करणाऱ्या या स्त्रीचे मोठेपण सांगण्यासाठी ही गोष्ट सांगितली जाते. ती ऐकताना दुसराही विचार मनात आल्यावाचून राहत नाही. पुरुषाने स्वेच्छेने पत्करलेली गरिबी घरातील स्त्रीच्या वाट्याला न विचारता येते. डीव्हीजींना हे उमगले नसेल, असे मानण्याचे कारण नाही. भागीरथम्मा ऐन तारुण्यात वारल्या. मुले लहान होती. त्या काळच्या रीतीप्रमाणे दुसरे लग्न करणे सहज शक्य होते, आप्तांनी तसे सुचवणेही स्वाभाविक होते. डीव्हीजींनी पुन्हा लग्न केले नाही. पुढचे अर्धशतक ते एकटे राहिले.

या काळातले त्यांचे लेखन पाहिले तर दुःखाचे प्रदर्शन कुठेही दिसत नाही. ते कामात राहिले. बंद पडलेल्या पत्राच्या जागी ग्रंथलेखन आले, कविता आल्या, कन्नड साहित्य परिषदेचे काम आले. उमर खय्यामच्या रुबायांचे कन्नड रूपांतर त्यांनी याच सुमारास केले. वेदान्त कोळून प्यालेल्या माणसाला खय्यामच्या प्याल्याची ओढ वाटावी, याचे अनेकांना नवल वाटते. पण आयुष्याची क्षणभंगुरता आणि नियतीचे न कळणारे वागणे हे दोघांचेही प्रश्न होते. उत्तरे तेवढी वेगळी. बेलूरच्या चेन्नकेशव मंदिरातील मदनिकांच्या शिल्पांवर त्यांनी शृंगाराची गीतेही रचली. जगाचे सौंदर्य नाकारून मिळवलेली शांती त्यांना मान्य नव्हती.

सार्वजनिक कामही थांबले नाही. १९२६ पासून १९४० पर्यंत ते म्हैसूरच्या विधान परिषदेचे सदस्य होते. १९२८ मध्ये बागलकोट येथे भरलेल्या कर्नाटकातील पत्रकारांच्या संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. बागलकोट तेव्हा मुंबई इलाख्यात होते आणि कन्नड मुलूख अनेक राजवटींत विभागलेला होता. १९३२ मध्ये मडिकेरी येथील कन्नड साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. मान मिळत होता, मिळकतीचे मात्र तसेच होते.

या साऱ्या वाटचालीत त्यांच्यापुढे एक आदर्श होता आणि तो महाराष्ट्रातला होता. गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म १८६६ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. लहानपणीच पितृछत्र हरपलेल्या या मुलाला थोरल्या भावाने स्वतःच्या तुटपुंज्या पगारातून शिकवले. १९१५ मध्ये गोखल्यांचे निधन झाल्यानंतर डीव्हीजींनी कन्नडमध्ये त्यांचे चरित्र लिहिले. दोघांच्या स्वभावातील साम्य पाहिले तर हे आकर्षण नेमके कशाचे होते, ते लक्षात येते.

गोखल्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग १८९७ चा. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताच्या वेळी गोऱ्या सैनिकांनी केलेल्या अत्याचारांच्या बातम्या पुण्याहून आलेल्या पत्रांवरून त्यांनी इंग्लंडमध्ये जाहीर केल्या. मायदेशी परतल्यावर ते आरोप पुराव्यानिशी सिद्ध करता येईनात, तेव्हा त्यांनी माफी मागितली. त्यावरून देशभर त्यांच्यावर टीकेची झोड उठली. स्वकीयांनीच त्यांना भित्रे ठरवले. ती माफी योग्य होती की नाही, याचा वाद महाराष्ट्रात अजूनही मिटलेला नाही. गोखल्यांनी मात्र त्या टीकेला उत्तर देत बसण्याऐवजी प्लेगग्रस्तांच्या मदतीच्या कामात स्वतःला जुंपून घेतले. आठ वर्षांनी, १९०५ मध्ये, याच माणसाने पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. सार्वजनिक कार्याला अध्यात्माइतकीच शुद्धता हवी, हा गोखल्यांचा आग्रह डीव्हीजींनी आपल्या आयुष्याचा पाया मानला.

प्लेगचा धागा बसवनगुडीपर्यंतही येतो. मुंबई आणि पुण्यात थैमान घातलेली ही साथ १८९८ मध्ये बेंगळुरूत पोहोचली. जुन्या पेठेतील दाटीवाटीच्या गल्ल्यांत माणसे पटापट दगावली. शहराच्या दक्षिणेला बसवनगुडी आणि उत्तरेला मल्लेश्वरम या नव्या वसाहतींची आखणी त्या दशकात सुरू झाली होती. साथीनंतर तिला जोर आला. सरळ रुंद रस्ते, घरांमध्ये मोकळी जागा, हवा आणि उजेड ही आज बसवनगुडीची शोभा वाटणारी वैशिष्ट्ये त्या संकटातून शिकलेला धडा होती. डीव्हीजींनी आपले आयुष्य याच वस्तीत काढले.

१९४३ हे वर्ष साऱ्या जगासाठीच अंधाराचे होते. महायुद्ध ऐन भरात होते, बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला होता, ‘चले जाव’ चळवळीचे नेते तुरुंगात होते. गांधी बाजारात त्याच वर्षी ‘विद्यार्थी भवन’ नावाचे एक लहानसे उपाहारगृह सुरू झाले. त्याच्या डोशासाठी आजही दारात रांग लागते. आणि त्याच वर्षी ‘मंकुतिम्मन कग्ग’ प्रसिद्ध झाले. ‘मंकुतिम्म’ म्हणजे मंद बुद्धीचा तिम्मा, आणि ‘कग्ग’ म्हणजे न उलगडणारी, लांबलचक बडबड. पंडिताने स्वतःच्या ग्रंथाला मुद्दाम दिलेले हे नाव आहे. तुकोबांच्या अभंगात शेवटी जशी त्यांची नाममुद्रा येते, तशी इथे बहुतेक श्लोकांच्या अखेरीस तिम्माला घातलेली हाक येते. लिहिणारा आणि ऐकणारा एकच आहे. कवी स्वतःचीच समजूत घालतो आहे. वाचकाच्या डोक्यावर बसून उपदेश न करण्याचा हा साधा उपाय या ग्रंथाच्या लोकप्रियतेचे मोठे कारण असावे.

ग्रंथाची सुरुवात श्रद्धेने होते, पण लगेच शंका येतात. हे विश्व कोणी निर्माण केले, त्यामागे काही हेतू आहे का, असलाच तर निरपराध माणसाला दुःख का, हे प्रश्न तिम्मा आडपडदा न ठेवता विचारतो. त्यांची सोपी उत्तरे डीव्हीजी देत नाहीत. चांगले वागणाऱ्याचे चांगलेच होईल, असे आश्वासन या ग्रंथात नाही. नियती आपल्या हातात नाही, मग आपल्या हातात काय आहे, एवढाच शोध ते घेत राहतात. हातचे काम नीट करणे, वाट्याला आलेल्या थोडक्यातही रस घेणे, दुसऱ्याला हसवणे आणि स्वतः हसणे, घरात मायेचे आणि दीनदुबळ्यांना आधाराचे होऊन जगणे, आणि वेळ आली की गाजावाजा न करता निघण्याची तयारी ठेवणे, अशी त्यांची दिशा आहे. मनाची घडण त्यांच्या दृष्टीने एका दिवसात होत नाही. रोज थोडी मशागत करावी लागते आणि एखाद्या वादळात ती वाहूनही जाते. मग पुन्हा सुरुवात. संसार सोडून वनात जाण्याची वाट त्यांनी सुचवली नाही. बाजारात, कचेरीत, स्वयंपाकघरात राहूनच मन सांभाळायचे आहे, हा त्यांचा आग्रह आहे. काही टीकाकारांना त्यात नियतीवादाचा अतिरेक दिसतो. तो आक्षेप अगदीच निराधार नाही. काही श्लोक एकेकटे वाचले तर तसे वाटू शकते. परंतु ते लिहिणारा माणूस आयुष्यभर सत्तेला प्रश्न विचारत आणि संस्था उभारत राहिला, हे विसरून चालणार नाही.

१९४५ मध्ये त्यांनी बसवनगुडीत गोखले सार्वजनिक विचार संस्थेची स्थापना केली. कोकणातल्या एका माणसाचे नाव बेंगळुरूतील संस्थेला मिळाले ते असे. लोकशाही येऊ घातली होती आणि तिच्यासाठी विचार करणारे नागरिक तयार व्हायला हवेत, ही त्यामागची धारणा. संस्थेत ग्रंथालय होते, व्याख्याने होत, राज्यघटनेपासून अंदाजपत्रकापर्यंतच्या प्रश्नांवर चर्चा चाले आणि गीता-उपनिषदांचे वर्गही भरत. मन घडवणे ही एकट्याने करायची साधना नाही, चार माणसांत बसून वाचत, वाद घालत ते घडते, असा या संस्थेचा एकूण बाज होता. १९६७ मध्ये त्यांच्या गीतेवरील ‘जीवनधर्मयोग’ या ग्रंथाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या विवेचनाची जडणघडणही अशा वर्गांतूनच झाली.

उतारवयात सन्मान चालून आले. १९७० मध्ये बेंगळुरूत त्यांचा मोठा सत्कार झाला आणि सुमारे ९० हजार रुपयांची थैली अर्पण करण्यात आली. त्या काळात या रकमेत बेंगळुरूत चांगले घर झाले असते. डीव्हीजींनी ती सगळी रक्कम गोखले संस्थेला देऊन टाकली. १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. पैशाविषयीची ही अलिप्तता नवी नव्हती. सार्वजनिक कामाबद्दल सरकारकडून मोबदला घेतला की लेखणी मिंधी होते, असे त्यांना तरुणपणापासून वाटत असे.

या काळात त्यांनी जुन्या आठवणींचा ‘ज्ञापक चित्रशाळे’ हा बहुखंडी ग्रंथ लिहून काढला. त्यात दिवाण आहेत, विद्वान आहेत, गवई आणि नर्तकी आहेत, त्याचबरोबर मुळबागलची साधी, अनाम माणसेही आहेत. आयुष्याने ज्याला इतके कमी दिले, त्याच्या आठवणींत हिशेब चुकता करण्याची भाषा असती तर कोणी दोष दिला नसता. या खंडांत तशी भाषा शोधूनही सापडत नाही. उपकार करणाऱ्यांची नोंद त्यांनी बारकाईने ठेवली आहे.

त्यांचे पुत्र बी. जी. एल. स्वामी नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ झाले. मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी भूषवले. वनस्पतींच्या शोधात रानोमाळ भटकतानाच्या अनुभवांवर त्यांनी कन्नडमध्ये ‘हसुरु होन्नु’ हे खुसखुशीत पुस्तक लिहिले आणि १९७८ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आई लहानपणीच गमावलेल्या या मुलाच्या लेखणीत विनोद इतका सहज उतरला, ही गोष्ट घरातील वातावरणाबद्दल पुष्कळ काही सांगून जाते.

डीव्हीजींचे निधन ७ ऑक्टोबर १९७५ रोजी झाले. देशात आणीबाणी लागू होती आणि वर्तमानपत्रे सेन्सॉरच्या नजरेखालून जात होती. ज्यांच्या पत्रकारितेच्या उमेदवारीच्या काळात म्हैसूर दरबाराचा वृत्तपत्र कायदा आला होता, त्यांच्या निधनाच्या बातम्याही निर्बंधांच्या काळातच छापल्या गेल्या.

त्यांच्या मृत्यूनंतर कागदपत्रांची आवराआवर करताना एका जुन्या पेटीत बरेच धनादेश सापडले, अशी हकीकत बसवनगुडीत आजही सांगितली जाते. वेगवेगळ्या वेळी त्यांच्या कामाबद्दल आलेले ते पैसे होते. त्यांनी ते परतही पाठवले नव्हते आणि वटवलेही नव्हते. ‘कग्ग’चा पुढचा भाग म्हणता येईल असे त्यांचे श्लोकही मागे राहिले होते. ‘मरुळ मुनियन कग्ग’ या नावाने ते १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. गोखले संस्थेत व्याख्याने आणि अभ्यासवर्ग अजूनही होतात.